दाराच्या काचेभोवतीच्या पट्ट्या : जुन्या मोटारींच्या दुरुस्तीतील एका दुर्लक्षित प्रश्नाचा आढावा

मोटारीच्या दाराची काच दोन पत्र्यांमधल्या पोकळीत खाली-वर होते. ती अडकू नये म्हणून तिच्याभोवती फट ठेवावी लागते. त्याच फटीतून वारा, धूळ आणि पाणी आत येऊ नये म्हणून ती बुजवावीही लागते. या दोन गरजांचा मेळ रबर, नमदा आणि लवदार कापडाच्या पट्ट्या घालतात. गॅरेजमध्ये त्यांना वेदरस्ट्रिप, चॅनल, बीडिंग किंवा सरळ काचेचे रबर म्हणतात. नव्या गाडीत त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तीस-चाळीस वर्षांच्या फियाट-पद्मिनीत किंवा ॲम्बेसेडरमध्ये मात्र काच खडखडणे, दाराचा तळ सडणे, काचेवर उभे ओरखडे उठणे, काचेचे मशीन वारंवार बिघडणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच पट्ट्यांत सापडते. पट्टी स्वस्त असते आणि मीटरवर विकत मिळते. जुन्या गाडीचे चांगले दार मात्र शोधूनही मिळत नाही. म्हणून पट्टी वेळेवर बदलणे म्हणजे मुख्यतः दाराचा पत्रा वाचवणे होय.

काचेभोवती काय काय असते

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बहुतेक गाड्या उघड्या असत आणि पावसात बाजूला कापडी पडदे लावले जात. अमेरिकेत 1919 मध्ये दहातली जेमतेम एक गाडी बंद छपराची होती. 1927 पर्यंत दहांतल्या आठांहून अधिक गाड्या बंद झाल्या. दारात उतरणारी काच सार्वत्रिक झाली आणि तिला धरणाऱ्या, पुसणाऱ्या पट्ट्यांची रचनाही हळूहळू ठरून गेली. साठ-सत्तरच्या दशकातल्या भारतीय गाड्यांच्या दारात या रचनेचे पुढील भाग दिसतात.

पहिला भाग म्हणजे काच ज्यातून सरकते तो चॅनल. खिडकीच्या चौकटीच्या पुढच्या, वरच्या आणि मागच्या बाजूने 'यू' आकाराची खोबण असते आणि तिला आतून नमद्याचे किंवा बारीक लवेचे अस्तर असते. तिची उभी बाजू खिडकीच्या खालच्या कडेपाशी थांबत नाही. ती दाराच्या पोटात उतरते आणि काच पूर्ण खाली असतानाही तिला सरळ धरून ठेवते.

दुसरा भाग म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेवरची बाहेरची पट्टी. तिचा ओठ काचेला टेकलेला असतो आणि काच खाली जाताना तिच्यावरचे पाणी व धूळ तो पुसून घेतो. तिसरा भाग आतली पट्टी. ती बहुधा नमद्याची किंवा लवदार असते. ती काचेला आतून आधार देते आणि दाराच्या पोटातली धूळ व दमट हवा गाडीत येऊ देत नाही. या दोन पट्ट्या जोडीने काम करतात. त्यांतली एक झिजली की काच त्या बाजूला कलते आणि दुसरीवर ताण येतो.

चौथा भाग बाहेरून दिसत नाही. काचेची खालची कड धातूच्या पाळीत बसवलेली असते, काच आणि पाळ यांच्यामध्ये रबराची फीत असते आणि ही पाळ काचेच्या मशीनला जोडलेली असते. फीत कुजली की पाळ सुटते आणि काच तिरपी होऊन दारात पडते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर यांच्या पुढच्या दारांत याखेरीज फिरणारी तिकोनी क्वार्टर ग्लास असते. तिचे साच्यातून काढलेले रबर वेगळे असते. ही काच आणि मोठी काच यांच्यामधल्या उभ्या दांडीतच मोठ्या काचेचा पुढचा चॅनल बसलेला असतो.

दार बंद झाल्यावर बॉडी आणि दार यांच्यामध्ये दबणारे डोअर रबर हा निराळा भाग आहे. गाडीत वारा शिरतो अशी तक्रार आली की पुष्कळदा हेच रबर बदलले जाते आणि काचेच्या पट्ट्या तशाच राहतात. काम झाल्यावरही आवाज कायम राहतो तो यामुळे.

पाणी अडवायचे की वाटेला लावायचे

या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज असा, की चांगली पट्टी पाण्याचा थेंबही दारात जाऊ देत नाही. प्रत्यक्षात दाराची रचनाच पाणी आत येणार हे गृहीत धरून केलेली असते. बाहेरची पट्टी बरेचसे पाणी परतवते आणि उरलेले काचेवरून दाराच्या पोटात उतरते. तिथून ते तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. दाराच्या आतल्या पत्र्यावर, पॅडच्या म्हणजे आतल्या बाजूच्या आच्छादनाच्या मागे, प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा चिकटवलेला असतो. तो पाण्याला पॅडपर्यंत आणि तिथून गाडीच्या आतल्या तळापर्यंत येऊ देत नाही.

पट्टी, पडदा आणि तळाची छिद्रे या एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. पट्टी झिजली की नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आणि त्याच्याबरोबर माती आत जाते. माती तळाशी बसून छिद्रे बुजवते. साचलेले पाणी पत्र्याच्या दुमडलेल्या कडेत मुरते आणि दार आतून सडू लागते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. म्हणून पट्ट्या बदलताना छिद्रे आणि पडदा न पाहणे म्हणजे काम अर्धेच करणे.

रबर का मरते

नैसर्गिक रबर गंधकासह तापवले की टिकाऊ आणि लवचीक होते, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये उमगले. त्याच प्रक्रियेतून तयार झालेले रबर दीर्घकाळ मोटारींत वापरले गेले. पण त्याच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध उरतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. ओझोनचे प्रमाण अगदी नगण्य असले तरी ताणलेल्या रबरावर ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगा पडू लागतात. चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी वाकवून बसवलेली असते, तिथे भेगा सर्वांत आधी दिसतात त्या यामुळे.

पीव्हीसीच्या पट्ट्यांचे दुखणे वेगळे आहे. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू उडून जाते. पट्टी आखडते, कडक होते आणि टोकाला फट पडते. नमद्याला ओझोनची बाधा होत नाही, पण तो पाणी आणि धूळ धरून ठेवतो. ओला होऊन वाळलेला नमदा काही वर्षांत दगडासारखा कडक होतो आणि त्यात अडकलेली वाळू काच घासू लागते. त्याच्या मागची लोखंडी खोबणही गंजते.

साठच्या दशकात बाजारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराने चित्र बदलले. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ओझोन, ऊन आणि उष्णता यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. आजच्या गाड्यांच्या बहुतेक पट्ट्या याच रबराच्या असतात आणि त्यांच्या ओठावर नायलॉनसारख्या धाग्यांची लव चिकटवलेली असते. ईपीडीएमला एकच मोठे वावडे आहे : खनिज तेल. डिझेल, रॉकेल, ग्रीस लागले की ते फुगते आणि मऊ पडते. गाडी धुताना रबराला चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. नव्या पट्टीचे आयुष्य कमी करण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

धाराशिवचे हवामान आणि रस्ते

पट्टी कशाने आणि किती लवकर मरते हे त्या त्या भागाच्या हवेवरही ठरते. इथे धाराशिवचे उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेला आहे. पाऊस जून ते सप्टेंबर आणि तोही खंड पाडत. उरलेले आठ महिने हवा कोरडी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. कोकणात गाडीचा शत्रू दमट खारी हवा असते. इथे तो ऊन आणि धूळ असतो. म्हणून मुंबईतल्या गाडीचा पत्रा आधी जातो आणि पट्टी त्यामानाने टिकते, तर धाराशिव, कळंब, परांड्याकडच्या गाडीचा पत्रा बरा असतो आणि पट्ट्या मात्र लाकडासारख्या कडक झालेल्या असतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. या भागातली गाडी वेळीच हाती लागली, तर थोड्या खर्चात तिची दारे वाचू शकतात.

रस्त्यांचाही वाटा आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरगा यांवरून जातो. सोलापूर-बीड रस्ता तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून. मुख्य रस्ते रुंद झाले असले तरी गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आणि साइडपट्ट्यांवर काळ्या मातीचा फुफाटा असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे जाणाऱ्या गाडीवर ही बारीक माती सतत बसते. कोरडी असताना ती पट्टी आणि काच यांच्यामध्ये शिरून काच घासते, आणि पहिल्या पावसात चिखल होऊन दाराच्या तळाची छिद्रे बंद करते. काळी माती पाणी धरून ठेवते. दाराच्या तळाशी तिचा थर बसला की पाऊस थांबल्यावरही तो पत्रा ओलाच राहतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडी जोराच्या पाण्याने धुतली जाते, तेव्हा तेच पाणी झिजलेल्या पट्ट्यांतून थेट दारात उतरते.

या परिस्थितीत कामाला योग्य काळ म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध, मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीचे आठवडे. उष्णतेने नवे रबर मऊ राहते आणि कोपऱ्यात नीट वळते, चिकटद्रव्य लवकर धरते आणि दाराचे पोट पूर्ण कोरडे करता येते.

कोणत्या गाड्या, कोणते प्रश्न

या भागात जपल्या जाणाऱ्या जुन्या चारचाक्यांत पहिला मान फियाटचा. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 बाहेर पडू लागली. तिच्या सुरुवातीच्या, पुढच्या दारांना मागून बिजागरी असलेल्या गाड्या 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखल्या जातात. 1964 मध्ये डिलाइट आली आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. उत्पादन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले.

पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार दीर्घकाळ मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने जिवंत ठेवला. दररोज अनेक वेळा उघडमिट होणाऱ्या हजारो टॅक्सींच्या दारांना चॅनल आणि पट्ट्या सतत लागत, म्हणून त्या बनवणारेही होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून हटली. आता मागणी केवळ हौशी मालकांची उरली आहे.

दुसरी गाडी ॲम्बेसेडर. हिंदुस्तान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून मे 2014 पर्यंत बनत होती. कलेक्टर कचेरीपासून साखर कारखान्याच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांच्या वापरात ती होती. तिचे दार जड, पत्रा जाड आणि काच मोठी असते. त्यामुळे काचेच्या पाळीतली फीत आणि मशीन यांवर भार जास्त येतो. पुष्कळ वर्षे बनल्यामुळे तिचे भाग पद्मिनीपेक्षा सहज मिळतात, पण वेगवेगळ्या मार्कच्या (आवृत्त्यांच्या) गाड्यांत बारीक फरक असतात. एका मार्कची पट्टी दुसऱ्यात बसेलच असे नाही.

डिसेंबर 1983 मध्ये आलेली पहिली मारुती 800 आता जुन्या गाड्यांत मोडू लागली आहे. तिच्या पट्ट्या मिळणे सर्वांत सोपे. जीप आणि तिच्यावरून घडलेल्या कापडी दारांच्या गाड्यांत दाराची उतरती काचच नसल्याने हा प्रश्न येत नाही.

झीज कशी ओळखावी

पट्टी नुसती पाहून निर्णय घेता येत नाही. जुनी पट्टी दिसायला काळी आणि शाबूत असू शकते. हाताने करायच्या काही परीक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात. काच निम्मी खाली करून तिची वरची कड चिमटीत धरावी आणि आत-बाहेर हलवावी. ती थोडी दबून परत येत असेल तर चॅनलचे अस्तर ठीक आहे. टकटक आवाज करून धातूला लागत असेल तर अस्तर संपले आहे. बाहेरच्या पट्टीच्या ओठावर नख दाबावे. खळगा लगेच भरून आला तर रबर जिवंत आहे. खळगा पडतच नसेल किंवा रबराचा चुरा होत असेल, तर पट्टी बदलावी.

पाण्याची परीक्षा सर्वांत बोलकी. काच बंद करून तिच्या बाहेरच्या बाजूने तांब्याने सावकाश पाणी ओतावे आणि दाराच्या तळाकडे पाहावे. थोड्या वेळात सर्व छिद्रांतून पाणी ठिबकले तर निचरा चालू आहे. पाणी बाहेर आलेच नाही आणि दार हलवल्यावर आत डुचमळण्याचा आवाज आला, तर छिद्रे तुंबली आहेत. पॅडचा खालचा भाग ओला झाला तर मागचा पडदा फाटला आहे.

लक्षणांवरूनही दिशा कळते. काचेवर सरळ उभे ओरखडे असतील तर बाहेरच्या किंवा आतल्या पट्टीचा धातू उघडा पडला आहे. काच पुढे किंवा मागे कलून वर येत असेल तर उभा चॅनल सुटला आहे किंवा खालची पाळ सैल झाली आहे. वेगात शिटी वाजत असेल तर वरचा चॅनल किंवा डोअर रबर तपासावे. दार उघडून उचलल्यावर वर-खाली हलत असेल तर बिजागरीच्या पिना झिजल्या आहेत आणि दार खाली बसले आहे. हा दोष आधी काढल्याशिवाय पट्ट्या बदलून उपयोग नाही, कारण चौकटच जागेवर नसते.

सामान निवडताना

सामानाच्या बाबतीत धाराशिवकराची पहिली धाव सोलापूर किंवा लातूरकडे असते. नेहमीच्या गाड्यांचे सामान तिथे मिळते. जुन्या गाड्यांसाठी पुण्याची नाना पेठ, मुंबईचा ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे काश्मिरी गेट आणि ॲम्बेसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार ही ओळखीची ठिकाणे आहेत. भंगारातल्या गाडीच्या पट्ट्या मात्र घेऊ नयेत. त्या गाडीइतक्याच जुन्या असतात. भंगारातून घेण्याजोगे असते ते लोखंडी सामान : चॅनलची चौकट, क्वार्टर ग्लासची दांडी, स्प्रिंगच्या क्लिपा.

पट्टी गाडीच्या नावावरून मागण्यापेक्षा तिच्या आडव्या छेदावरून निवडणे शहाणपणाचे. जुन्या पट्टीचा, शक्यतो कोपऱ्यात दबून राहिलेला आणि म्हणून कमी झिजलेला, बोटभर तुकडा धारदार पात्याने सरळ कापावा. त्याची रुंदी, उंची, खोबणीची आतली रुंदी आणि ओठाची लांबी व्हर्नियरने मोजावी. मग काचेची जाडी मोजावी. जुन्या गाड्यांत ती सुमारे 4 ते 6 मिमी असते आणि एकाच गाडीच्या चार दारांत वेगवेगळी निघू शकते, कारण कधीतरी फुटलेल्या काचेच्या जागी पातळ काच बसवलेली असते. 6 मिमी काचेसाठी केलेल्या चॅनलमध्ये 4 मिमी काच कधीच शांत राहत नाही. दाराची काच टफन्ड असते. ती कापता किंवा घासता येत नाही. म्हणून चॅनल काचेच्या मापाचा घ्यावा लागतो.

लोखंडी गाभा असलेला लवदार चॅनल मीटरवर मिळतो आणि बहुतेक दारांत बसतो. बाहेरची पट्टी मात्र शक्य तर त्याच गाडीसाठी बनवलेली घ्यावी, कारण तिच्या क्लिपांची जागा दाराच्या पत्र्यातल्या छिद्रांशी जुळावी लागते. क्वार्टर ग्लासच्या साच्यातल्या रबराला पर्याय नाही. मीटरवरची पट्टी कापून तिथे बसवली की कोपऱ्यातून पाणी येतेच. 'सगळ्या गाड्यांना चालते' असे सांगून विकली जाणारी चिकटपट्टीची बीडिंग काचेच्या खोबणीत वापरू नये. ती उष्णतेने सुटते आणि काचेबरोबर दारात ओढली जाते.

कामाचा क्रम

काम डेंटर-पेंटर, कुशनवाला आणि मिस्त्री या तिघांच्या हद्दीवरचे आहे. त्यामुळे ते कुणाचेच होत नाही. पॅड कुशनवाला काढतो, काच मिस्त्री काढतो आणि पत्रा डेंटर पाहतो. एकाच माणसाने सलग केले तर ते चांगले होते. अनुभवी हाताला एका दाराला साधारण अर्धा दिवस लागतो.

सुरुवात काचेच्या हँडलपासून होते. अनेक गाड्यांत ते स्क्रूने नव्हे, तर बुडाच्या चकतीमागे दडलेल्या पिनेने किंवा 'यू' आकाराच्या तारेच्या क्लिपेने धरलेले असते. स्क्रू ड्रायव्हर घालून ते उचकटले की पॅड फाटतो. चकती आणि पॅड यांच्यामध्ये जुन्या कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकांनी मागे-पुढे ओढली, की कापडाचा धागा क्लिपेत अडकतो आणि ती टणकन बाहेर उडते. ती हरवू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ तिथे धरावी. हँडल काढताना ते कोणत्या कोनात होते हे पाहून ठेवावे. मग आर्मरेस्टचे स्क्रू आणि पॅडच्या कडेच्या क्लिपा काढाव्यात. मागचा पडदा शक्य तितका अखंड सोडवावा. नवा कापताना तो मापाला उपयोगी पडतो.

यानंतर काच पूर्ण खाली करून बाहेरची आणि आतली पट्टी काढावी. पत्र्याच्या कडेवर आधी मास्किंग टेप लावावा आणि लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पाचरीने पट्टी क्लिपेक्लिपेने उचलावी. एका टोकाने ओढली तर पत्र्याची कड वाकते आणि नवी पट्टी मग कधीच सरळ बसत नाही. क्वार्टर ग्लासची दांडी खालच्या बोल्टपासून मोकळी केली की काच पुढे सरकवून, तिरपी करून वर काढता येते. काच काढल्यावरच जुना चॅनल नीट निघतो.

रिकाम्या दारात दिसणारी माती पाण्याने धुण्याआधी कोरड्या ब्रशने आणि हवेने काढावी. तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत. गंज घासून रेडऑक्साइड लावावे आणि ते पूर्ण वाळल्यावर तळाच्या दुमडीत मेणयुक्त गंजरोधक सोडावे. छिद्रे त्याने पुन्हा बुजणार नाहीत हे पाहावे. हा टप्पा घाईत उरकला जातो, पण दाराचे पुढचे आयुष्य यावरच ठरते.

चॅनल बसवताना वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी. मीटरवरचा चॅनल कोपऱ्यात वाकवायचा असेल तर त्याच्या लोखंडी गाभ्याला आतल्या बाजूने छोटी खाच द्यावी, म्हणजे लव न फाटता तो वळतो. पट्टी कधीही ताणून लावू नये. ताणलेली पट्टी काही महिन्यांत आखडून टोकाला उघडी पडते आणि ओझोनच्या भेगाही तिच्यावर आधी पडतात. उलट चार-पाच मिमी जास्त ठेवून, दोन्ही टोके बसवून मग मधला फुगवटा दाबून आत घालावा. घसरण हवी असेल तर साबणाचे पाणी वापरावे. तेल किंवा ग्रीस नको.

मग काच आत सोडावी, पाळीत नवी फीत घालून मशीनला जोडावी आणि बाहेरची, नंतर आतली पट्टी बसवावी. सर्व बोल्ट आधी हातानेच आवळावेत. काच चार-पाच वेळा वर-खाली करून ती कुठे अडते, कुठे सैल होते हे पाहावे, दांडी हलवून जुळवावी आणि शेवटी बोल्ट पक्के करावेत. नव्या लवेमुळे काच सुरुवातीला जड चालते. तिला सवय होऊ द्यावी. हँडलवर जोर देऊ नये. पाण्याची परीक्षा पुन्हा घेऊन सर्व काही ठीक असल्यावरच पडदा आणि पॅड लावावा. पडद्याची खालची कड आतल्या पत्र्याच्या फटीत सारावी, म्हणजे त्यावरचे पाणी दारातच उतरेल.

मतभेदाचे मुद्दे

जाणकारांमध्ये काही बाबतीत एकमत नाही. पहिला वाद मूळ साहित्याचा. प्रदर्शनात मांडायच्या गाडीला नमद्याचा चॅनल हवा, असे हौशी मालक म्हणतात. रोज वापरायच्या गाडीला लवदार ईपीडीएम बरे, असे मिस्त्री सांगतात. धाराशिवच्या धुळीत दुसरे मत अधिक सयुक्तिक आहे. बाहेरून दोन्हींत फारसा फरक दिसत नाही आणि नमदा माती धरतो.

दुसरा वाद सिलिकॉन सीलंटचा. बाहेरच्या पट्टीच्या खाली सीलंट भरून गळती थांबवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. तो तात्पुरता आहे आणि नुकसानकारकही. सीलंटने पट्टी पत्र्याला कायमची चिकटते, पुढच्या वेळी काढताना रंग उचलला जातो आणि अडवलेले पाणी नव्या वाटा शोधते. सीलंटला जागा एकच, ती पडद्याच्या कडेला. तिथेही न वाळणारी ब्यूटिल पट्टी जास्त चांगली.

तिसरा प्रश्न जाड रबराचा. बारीक फट दिसली की जाड पट्टी घालण्याचा मोह होतो. काच मग घट्ट बसते, पण मशीनचे दात आणि तार त्या जोराने झिजतात आणि काच अर्ध्यावर अडकते. फट भरण्यासाठी योग्य मार्ग चौकट आणि दांडी जुळवणे हा आहे.

नोंदणी आणि देखभाल

जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा संबंध नोंदणीशीही येतो. खासगी मोटारीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून फेरनोंदणी होते. जुलै 2021 मधील केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. ही नोंदणी दहा वर्षे चालते आणि गाडी नियमित व व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. 1974 च्या पहिल्या पद्मिनी आता या मर्यादेत आल्या आहेत. नियमाला अपेक्षित अट अशी की चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा. पट्ट्या बदलणे हा असा बदल नव्हे. उलट दाराचा मूळ पत्रा टिकवण्याचा तो उपाय आहे. दार एकदा सडले की पत्रा कापून जोडावा लागतो आणि गाडीचे मूळपण कमी होते.

बदललेल्या पट्ट्यांची देखभाल मोजकी आहे. महिन्यातून एकदा चॅनलमधली माती कोरड्या मऊ ब्रशने काढावी, पट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसाव्यात आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, सिलिकॉनचा हलका फवारा मारावा. धुळीने माखलेली काच धुतल्याशिवाय खाली करू नये. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर ती सावलीत ठेवावी आणि काच अधूनमधून हलवावी, म्हणजे ओठ एकाच जागी दबून राहत नाही. दाराच्या तळाची छिद्रे दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तारेने तपासावीत. एवढे केले तर ईपीडीएमच्या पट्ट्या या हवामानातही अनेक वर्षे काम देतात.